आधी सुटका, मग हिशेब

"माझ्यावर खोटी केस टाकलीय, आता मला त्याच्यावर उलटी केस टाकायचीय." जिल्हा न्यायालयाच्या आवारात बसणाऱ्या कुठल्याही वकिलाला विचारा, पहिल्या भेटीतला अशील बहुतेक वेळा हेच म्हणतो. राग समजण्यासारखा असतो, पण क्रम चुकलेला असतो. खोट्या आरोपाविरुद्ध आपल्या कायद्यात तरतुदी भरपूर आहेत. त्यातल्या बचावाच्या तरतुदी लवकर वापरायच्या असतात आणि त्या बऱ्यापैकी चालतात. आरोप करणाऱ्याला जाब विचारणाऱ्या तरतुदी बहुतेक वेळा मूळ प्रकरण निकाली लागल्यावरच हाती येतात, आणि त्यांचा अनुभव फारसा उत्साह वाढवणारा नाही. वाया गेलेल्या वर्षांची भरपाई सरकारकडे मागायची म्हटली, तर त्यासाठी वेगळा कायदाच नाही.

आधी कलमांचा घोळ. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. घराघरांत माहीत असलेलं ४९८-अ आता ८५ आणि ८६ झालं. अटकपूर्व जामिनाचं ४३८ आता ४८२ आहे, आणि गंमत म्हणजे उच्च न्यायालय ज्याखाली गुन्हा रद्द करत असे ते जुनं ४८२ आता ५२८ झालं आहे. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच दंड कायदा लागतो. त्यामुळे पुढची काही वर्षं दोन्ही आकडे तोंडात राहणार.

प्रकरणाची सुरुवात बहुधा फोनने होते. "अमुक पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुमच्याविरुद्ध अर्ज आलाय, उद्या अकराला या." घाबरगुंडी उडायच्या आत एवढंच विचारायचं, की नुसता अर्ज आहे, एनसी आहे की एफआयआर? अर्ज म्हणजे तक्रार आणि तिची चौकशी. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यात तपासही करता येत नाही. एफआयआर असेल तर दखलपात्र गुन्ह्याचा तपास सुरू झालेला असतो. दुसरी गोष्ट, लेखी नोटीस मागायची. अटकेची गरज नसेल तेव्हा पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली नोटीस द्यायची असते, आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवून भागणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल, तर स्त्रियांना, पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि साठी ओलांडलेल्यांना ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. लेखी नोटीस हातात पडली की मात्र जायचंच. ती टाळणं म्हणजे अटकेचं कारण आपणच पुरवणं. (व्हिडिओ कॉलवर गणवेश दाखवून 'डिजिटल अरेस्ट' करणारा पोलीस नसतो, भामटा असतो. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही.)

"चौकशी न करता गुन्हा दाखल केलाच कसा?" हा पुढचा ठरलेला प्रश्न. उत्तर असं, की पोलिसांना तो दाखल करावाच लागतो. ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये घटनापीठाने ठरवलं, की तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद सक्तीची आहे. कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जी, भ्रष्टाचार आणि फार उशिरा आलेल्या तक्रारी यांत आधी प्राथमिक चौकशी करता येते. नव्या संहितेच्या कलम १७३(३) ने आणखी एक दार उघडलं. तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी होऊ शकते. तुमचं प्रकरण यात बसत असेल, तर आपली कागदपत्रं याच चौदा दिवसांत ठाण्यात लेखी देऊन आवक शिक्क्याची पोच घेतलेली बरी. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाला आठवत नाही. एफआयआर दाखल झाली असेल तर तिची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावर चोवीस तासांत टाकायची असते. लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं यातून वगळलेली आहेत.

पुरावा गोळा करण्याचा वेळही हाच. सोसायटीच्या, दुकानाच्या सीसीटीव्हीवरचं चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवा असं पत्र लगेच द्यावं. पोलीस ठाण्यातलं चित्रण मात्र अठरा महिने आणि अगदीच शक्य नसेल तर किमान वर्षभर ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिलेला आहे. ठाण्यात दमदाटी झाल्याची तक्रार असेल तर तो उपयोगी पडतो. चॅटचे स्क्रीनशॉट छापून फाइलला लावले म्हणजे पुरावा झाला असं नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ६५-ब चं, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं. हा नियम पक्का झाला तो जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून लढल्या गेलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात, २०२० मध्ये. मूळ फोन विकू नये, फॉरमॅट करू नये. रागाच्या भरात समोरच्याला मेसेज तर मुळीच करू नये, कारण आरोपपत्राला पुढे तेच जोडले जातात.

अटकेची भीती मोठी असते आणि ती अगदीच निराधार नसते. अर्नेश कुमार खटल्यात जुलै २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होणार नाही. ती का हवी याची कारणं पोलिसांनी लिहून द्यायची आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी तपासायची. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी साठीच्या पुढचा किंवा आजारी असेल, तर उपअधीक्षकाच्या परवानगीशिवाय अटक नाही, अशी तरतूद नव्या संहितेत आली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणातून आलेल्या निकालाने अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी देणं सर्वच गुन्ह्यांत बंधनकारक केलं. कागदावर नियम उत्तम आहेत. शुक्रवारी संध्याकाळी, वकील गाठायच्या आत झालेल्या अटकेत ते कितपत पाळले जातात, हे ठाण्यागणिक बदलतं.

अटकपूर्व जामीन म्हणूनच महत्त्वाचा. अर्ज साधारणपणे आधी सत्र न्यायालयात करतात, तिथे नाकारला तर उच्च न्यायालयात. एफआयआर नोंदलेली असलीच पाहिजे अशी अट नाही, अटकेची सबळ भीती पुरे. सुशीला अग्रवाल खटल्यात २०२० मध्ये घटनापीठाने स्पष्ट केलं, की या संरक्षणाला सहसा मुदत नसते आणि ते खटला संपेपर्यंत चालू शकतं. काही जण कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये' असा अर्ज, दाखल करायला निघतात. ती दिवाणी कामातली सोय आहे, फौजदारीत तिचा उपयोग नाही.

यापुढची पायरी म्हणजे गुन्हाच रद्द करून घेणं. वकिलांच्या तोंडी 'क्वॅशिंग'. मुंबई उच्च न्यायालयात एफआयआर रद्द करण्याचे अर्ज दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे चालतात. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सांगली-साताऱ्याच्या लोकांची मुंबईची खेप वाचली. मापदंड भजनलाल खटल्याचे. फिर्याद जशीच्या तशी खरी धरली तरी गुन्हाच होत नसेल, किंवा ती उघडपणे सूडापोटी असेल, तर न्यायालय हात घालतं. २०२३ च्या एका निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सूडबुद्धीचा मुद्दा असेल तेव्हा न्यायाधीशाने फिर्यादीच्या ओळींमधलंही वाचावं. मात्र आपली कैफियत किती खरी आहे हे साक्षीपुराव्यासारखं तपासण्याची ही जागा नव्हे. निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०२१ च्या निकालाने, अर्ज आला की 'कठोर कारवाई करू नये' असा सरसकट अंतरिम आदेश द्यायलाही उच्च न्यायालयांना मनाई केली. त्यामुळे अर्ज दाखल झाला म्हणजे अटक टळली, असं धरून चालू नये.

आरोप कोणत्या कायद्याखाली आहे, यावर पुढचं बरंच ठरतं. कौटुंबिक छळाचं ४९८-अ १९८३ मध्ये आलं आणि गैरवापराची सर्वाधिक ओरड त्याबद्दलच होते. अर्नेश कुमार निकालात २०१२ चे आकडे उद्धृत आहेत. आरोपपत्राचं प्रमाण ९३.६ टक्के, दोषसिद्धी फक्त १५ टक्के. हे आकडे गेली दहा वर्षं 'बाकीच्या केसेस खोट्या' अशा अर्थाने फिरवले जातात, आणि तो अर्थ चुकीचा आहे. दोषसिद्धी कमी असण्याची कारणं अनेक. तडजोड होते, साक्षीदार फितूर होतात, तपास कच्चा असतो, बाई नांदायला परत जाते. संशयाचा फायदा मिळून सुटलेला प्रत्येक आरोपी खोट्या फिर्यादीचा बळी नसतो. दुसऱ्या बाजूने, नवऱ्याबरोबर परगावची नणंद, तिचा नवरा आणि अंथरुणाला खिळलेली आजेसासू यांची नावं एका दमात घालायची पद्धत न्यायालयांनाही ठाऊक आहे. डिसेंबर २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा मोघम आरोपांवर कडक ताशेरे ओढले. नेमकी तारीख, नेमकं कृत्य नसेल तर नातेवाइकांविरुद्धचा गुन्हा रद्द होण्याची शक्यता चांगली असते. न्यायालयाची स्वतःची भूमिकाही स्थिर राहिलेली नाही. तक्रारी छाननारी कुटुंब कल्याण समिती २०१७ मध्ये आणली, २०१८ मध्ये काढून टाकली, आणि जुलै २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन महिने थांबण्याच्या नियमांना मान्यता देऊन वेगळ्या रूपात परत आणली. दोन महिने थांबायचं तर खऱ्या छळात अडकलेल्या मुलीने त्या दोन महिन्यांत राहायचं कुठे, याचं समाधानकारक उत्तर मला त्यात सापडत नाही. पुण्या-मुंबईतून परदेशी गेलेल्या नवऱ्यांनी समन्सकडे काणाडोळा केला, तर लुकआउट सर्क्युलर निघून विमानतळावरच अडकण्याची वेळ येऊ शकते. तेव्हा इथे वकीलपत्र देऊन हजर राहिलेलं बरं. फौजदारी आरोप खोटा असल्याचं सिद्ध झालं तर ती मानसिक क्रूरता ठरते आणि घटस्फोटाचं कारण होऊ शकते.

ॲट्रॉसिटीचा, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा, प्रश्न याहून नाजूक, आणि त्याचा धागा थेट कराडला पोहोचतो. तिथल्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालावरून वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २० मार्च २०१८ ला न्यायालयाने प्राथमिक चौकशी आणि अटकेपूर्वी वरिष्ठांची परवानगी अशा अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून त्या अटी निष्प्रभ केल्या आणि १ ऑक्टोबर २०१९ ला तीन न्यायमूर्तींनी स्वतःच्याच न्यायालयाचे ते निर्देश मागे घेतले. एखादा समाज कायद्याचा गैरवापर करतो असं गृहीत धरता येणार नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. ज्यांची फिर्यादच वर्षानुवर्षे लिहून घेतली जात नव्हती, त्यांच्याच फिर्यादीला जास्तीची चाळणी लावणं उलटं झालं असतं. आरोपीला दार अगदीच बंद नाही. प्रथमदर्शनी गुन्हा होत नसेल तर अटकपूर्व जामीन मिळू शकतो, हे फेब्रुवारी २०२० च्या निकालात आहे, आणि चार भिंतींच्या आत, चारचौघांच्या दृष्टीआड झालेली शिवीगाळ या कायद्यात बसत नाही, हेही त्याच वर्षी ठरलं.

लग्नाचं वचन मोडल्याच्या प्रकरणांत महाराष्ट्रातूनच गेलेल्या २०१९ च्या निकालाने, सुरुवातीपासून खोटं असलेलं वचन आणि पुढे पाळता न आलेलं वचन यांत फरक केला. आता न्याय संहितेत कलम ६९ स्वतंत्र आहे, तरी हा फरक लागतोच. कार्यालयातल्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात कलम १४ खोट्या तक्रारीसाठी आहे. पण तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ते लागत नाही, दुष्ट हेतू वेगळा शाबीत करावा लागतो. तक्रार होताच कलम १४ ची धमकी देणारे एचआर विभाग हे दुसरं वाक्य सोयीस्कर विसरतात.

आता पोलीस फाइलमधला तो कागद, ज्याच्याकडे आरोपी डोळे लावून बसतो. तपासात काही निघालं नाही तर महाराष्ट्रातले पोलीस न्यायालयात 'समरी' मागतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, तर ए समरी. फिर्याद जाणूनबुजून खोटी, तर बी समरी. गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची, म्हणून खरीही नाही आणि खोटीही नाही, तर सी समरी. अनेक आरोपींच्या नशिबी सी समरी येते आणि ते पेढे वाटतात. पण फिर्यादीविरुद्ध खोट्या माहितीची कारवाई व्हायला लागते ती बी समरी. तपास अधिकारी ती लिहायला नाखूश असतो, कारण ती लिहिली की पुढचं काम त्याच्याच डोक्यावर येतं, शिवाय फिर्यादी वरिष्ठांकडे जाणार हे नक्की. समरी आली तरी फिर्यादीला नोटीस निघते, तो निषेध अर्ज करू शकतो आणि न्यायदंडाधिकारी पुन्हा तपासाचा आदेश देऊ शकतात. आपल्याला मिळालेला कागद कोणत्या अक्षराचा आहे आणि न्यायालयाने तो मंजूर केला का, हे पाहून प्रमाणित प्रत काढून ठेवावी. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत आणि नोकरीच्या वेळी तीच दाखवायची असते. सरकारी नोकरीच्या अर्जात गुन्हा दडवू मात्र नये, गुन्ह्यापेक्षा दडवणंच महाग पडतं. आरोपपत्र गेलंच तर दोषमुक्तीचा अर्ज करता येतो, त्याला नव्या संहितेने साठ दिवसांची मुदत घातली आहे.

आणि तो 'उलट्या केस'चा विषय. सरकारी नोकराला खोटी माहिती दिल्याबद्दल न्याय संहितेचं कलम २१७ आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत. पण तक्रार त्या अधिकाऱ्यानेच न्यायालयात लेखी करावी लागते, तुम्हाला थेट करता येत नाही. खोटा गुन्हा नोंदवल्याबद्दल कलम २४८. एरवी पाच वर्षांपर्यंत, आणि आरोप जन्मठेपेसारख्या गंभीर गुन्ह्याचा असेल तर दहा. न्यायालयात शपथेवर खोटं बोललं गेलं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७९ खाली अर्ज करता येतो, मात्र कारवाई न्यायहिताची आहे असं न्यायाधीशाला वाटलं पाहिजे. असे अर्ज पुष्कळ होतात आणि क्वचित पुढे सरकतात. ही अडवणूक जाणीवपूर्वक आहे, आणि माझ्या मते योग्यही. हरलेल्या प्रत्येक फिर्यादीला तुरुंगाची भीती असती, तर बलात्काराची किंवा सावकाराच्या जुलमाची तक्रार कोण देणार? अब्रुनुकसानीची फौजदारी तक्रार तीन वर्षांत, दिवाणी दावा मात्र एका वर्षात करावा लागतो, आणि अनेकांचं ते वर्ष जामिनाच्या धावपळीतच सरतं. हेतुपुरस्सर खोट्या खटल्याबद्दल नुकसानभरपाईच्या दाव्याचं वर्ष निर्दोष सुटल्यापासून मोजतात. खटला प्रतिवादीनेच चालवायला लावला, तो आपल्या बाजूने संपला, त्याला वाजवी कारण नव्हतं आणि हेतू दुष्ट होता, हे चारही मुद्दे सिद्ध करायचे, तेही दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरून.

गुन्हा अजून दाखल व्हायचा आहे, पण "पैसे दे नाहीतर तुला अडकवतो" अशी धमकी येत असेल, तर ती धमकीच गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गंभीर गुन्ह्यात गुंतवण्याची भीती घालून खंडणी मागणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. खोट्या आरोपाविरुद्धचं सर्वांत कमी वापरलं जाणारं हत्यार हेच असावं. दबावासाठी चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र मागणारी प्रतिबंधक कारवाई, लावली गेली तर घाईने बंधपत्रावर सही न करता लेखी उत्तर द्यावं आणि साक्षीपुरावा मागावा. पोलीसच छळत असतील तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि मानवी हक्क आयोग आहेत. वकील परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. मदतीचा क्रमांक १५१००.

एवढं सगळं वाचून खोट्या आरोपाचा बळी म्हणजे वकील लावू शकणारा, जामिनासाठी जामीनदार उभा करू शकणारा मध्यमवर्गीय, असं चित्र उभं राहील. प्रत्यक्षात सर्वाधिक किंमत मोजतात ते वेगळे लोक. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींतल्या सहा जणांना २००३ च्या एका दरोडा-खून प्रकरणात गोवलं गेलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि उरलेल्या तिघांची जन्मठेप वाढवून फाशी केली. पुनर्विचारात तो निकाल मागे घेतला गेला आणि ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या चौघांमागे पोलीस गेलेच नाहीत, हे फाइलमध्येच होतं. पंधरा वर्षांहून अधिक तुरुंगवास, तोही फाशीच्या छायेत; प्रत्येकी पाच लाख रुपये राज्याने द्यावेत असा आदेश झाला. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या प्रकरणात अटक झाली, १९९६ मध्ये सीबीआयने प्रकरण खोटं म्हटलं, आणि पन्नास लाखांची भरपाई मिळायला २०१८ उजाडलं. या दोन्ही रकमा न्यायालयाने आपल्या अधिकारात दिल्या. हक्क म्हणून मागता येईल असा कायदा तेव्हाही नव्हता.

विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधल्या २७७ व्या अहवालात तो सुचवला. चुकीच्या खटल्यांसाठी प्रक्रिया संहितेत वेगळं प्रकरण, विशेष न्यायालयं आणि सरकारने द्यायची भरपाई, अशी ती शिफारस होती. २०२३ मध्ये संसदेने अख्खी संहिता नव्याने लिहिली, पण हे प्रकरण काही तिच्यात आलं नाही. विनाकारण अटक करवणाऱ्याकडून न्यायदंडाधिकारी देववू शकतात ती भरपाई मात्र जुन्या संहितेतून जशीच्या तशी उचलून कलम ३९९ मध्ये ठेवली आहे: जास्तीत जास्त एक हजार रुपये.